वेल वरच्या मजल्यास आला त्याचें वर्तमान

श्री. सर्व बीजांची माता जी भूमि तीस दंडवत, तिजवर ऊन धरणारा जो सूर्यनारायण त्यास नमस्कार, आणि हें वर्तमान जे कोणी वाचतील त्यांचे नळास दोन्ही वेळां पाणी येवो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर चालत असतां एके नगरीं, नदीपलीकडील पेठेंत, चार मजल्यांची एक सोसायटी होती आणि तिचे तिसरे मजल्यावर मोरेश्वरराव खांबेटे सहकुटुंब नांदत होते. रावांनीं नकाशे काढण्याची चाकरी केस पिकेतों केली, मग निवृत्त होऊन घरीं बसले, आणि बसले ते दिवाणखान्याबाहेरील बाल्कनींत बसले. तो मुलूख पाहावा तर दोन खुर्च्या मांडिल्या असतां तिसरे माणसानें उंबऱ्यावर उभें राहावें इतकाच. परंतु रावांनीं त्यांत कुंड्यांची ऐसी वसाहत केली कीं खुर्च्या घरांत गेल्या आणि राव एकटे उभे राहिले. टोमॅटो लाविले, ढोबळी मिरची लाविली, रंगाचे रिकामे डब्यांत मेथी आणि कोथिंबीर पेरिली, गजांस झेंडू आणि सदाफुली टांगिली, कोपऱ्यांत मोगरा स्थापिला, आणि भाजीच्या सालांचें खत करावयास झाकणाचें पिंप ठेविलें. त्या पिंपाचे वासावरून कुटुंब कालिंदीबाई प्रथम बहुत रागावल्या, मग त्याही सालें जपून ठेवूं लागल्या. पुढें रावांचा लौकिक इमारतभर जाहला. कोणाची कुंडी सुकली तर बोलावणें येई, आणि राव जात, चष्मा कपाळावर चढवीत, माती बोटांत चोळून हुंगीत आणि निवाडा देत, "पाणी जास्त होतंय," अथवा "पाणी कमी पडतंय". दोहोंतील एक बहुतकरून खरें निघे. मग लोक म्हणत, झाडांचें खांबेट्यांसच कळतें, आणि हें बोलणें रावांचे कानीं पडलें म्हणजे ते दिवशीं दोन घास अधिक जात.

ऐशांत खालचे, म्हणजे दुसरे मजल्यावरील घरीं अनसूयाबाई बाबर राहावयास आल्या. त्यांचे यजमान एसटींत कंडक्टर होते, ते देवाघरीं गेले, आणि चिरंजीव औषधांचे कारखान्यांत नोकरीस होते त्यांनीं आईस आपलेजवळ आणिलें. बाईंनीं येतांना भांडीं थोडकीं आणिलीं आणि तेलाचे पत्र्याचे डबे, कांठ फुटलेले माठ आणि एक मोठें प्लास्टिकचें टोपलें ऐसें पुष्कळ आणिलें, आणि त्यांत अबोली, शेवंती, मिरची आणि वाल लाविले. आणि एक पुरचुंडी होती, तींत दुधीचें बी होतें. तें बी बाईंचे आईनें लग्नांत ओटींत घातलेलें. मग यजमानांची बदली जेथें जेथें जाहली तेथें तेथें बाईंनीं क्वार्टरचे मागें, न्हाणीचे कडेस, कोठें नुसते पत्र्यावर वेल चढविला, दुधी खाल्ली आणि एक फळ वाळवून पुढील सालास बी राखिलें. परंतु यजमानांचे आजारपणांत पेरणें राहून गेलें आणि बी जुनें जाहलें. माहेरीं विचारावें तर तेथील घरच मोडलें होतें. या सालीं श्रावणांत उरलें तें सर्व पेरिलें, त्यांतून एकच रोप वर आलें. हें बाईंनीं रावांस जिन्यांत सांगितलें आणि बोलिल्या, "भाऊ, तुमच्यासारखं शास्त्र मला येत नाही. पण एवढा एक वेल धरू दे. पहिली दुधी बियाला ठेवणार, दुसरी तुमच्या घरी." राव प्रसन्न होऊन बोलिले, "काही अडलं तर विचारा, ताई. संकोच करू नका." आणि खरेंच, ते समयीं रावांचे मनांत दुसरें कांहीं नव्हतें.

मग भाद्रपद लागला आणि रावांचे मुलखावर संकट आलें. पांढरी माशी बसली, टोमॅटोचीं पानें मुरडलीं, ढोबळी मिरची फूल धरी आणि टाकी, मोगरा पिवळा पडला. रावांनीं निंबोळीचा अर्क फवारिला, ताकाचें पाणी घातलें, कुंड्या उन्हांतून सावलींत आणि सावलींतून उन्हांत केल्या, मोबाइलवर शेतकीचे व्हिडिओ पाहिले, यश आलें नाहीं. आणि सकाळीं गजांवरून वाकून पाहावें तों खालीं वाल गच्च, शेवंती कळ्यांनीं ओणवलेली, आणि त्या प्लास्टिकचे टोपल्यांतून निघालेला दुधीचा वेल दोरी धरून जो निघाला तो थेट वर, रावांचे हद्दींत शिरला आणि गजांस विळखे घालून ऐसपैस पसरला. रावांस प्रथम गंमत वाटली, मग वाटेनाशी जाहली, मग राव तिकडे पाठ करून उभे राहूं लागले. कालिंदीबाईंस मात्र त्या वेलाचा लळा लागला. दुधीचें फूल सांजवेळीं उमलतें, पांढरें, पातळ, तें पाहावयास त्या चहाचा कप घेऊन येत. एके सांजेस खालून अनसूयाबाईंनीं हांक दिली, "वहिनी, मागे इवलीशी दुधी असलेलं फूल दिसतंय का? ती मादी. तिच्यावर नराचं फूल हलकेच टेकवा. इथं भुंगे कुठले यायला!" कालिंदीबाईंनीं नराचें फूल खुडून टेकविलें, खालची आणि वरची दोघी हंसल्या, आणि थोडक्याच दिवसांत तेथें फळ धरलें, प्रथम करंगळीएवढें, मग वीतभर. कालिंदीबाई येतांजातां त्यास बोट लावून पाहत. राव तें पाहत आणि घरांत जात.

आश्विनांत एके रविवारीं सोसायटीचे अध्यक्ष दिवेकर शेजारील वसाहतीची पाहुणे मंडळी घेऊन आले. त्यांस आपले येथें बाल्कनींत बागा करावयाच्या होत्या, म्हणून खांबेट्यांचें राज्य पाहण्याची इच्छा धरिली. कालिंदीबाईंनीं पोहे केले. पाहुणे एकेक करून उंबऱ्यावर येत, मुरडलेले टोमॅटो पाहत, "हं," म्हणत आणि मागें सरत, आणि राव घामाघूम होऊन माशीचे उपद्रवाविषयीं सांगत ते कोणी ऐकेना. तों एका शाळेच्या मुख्याध्यापिका पुढें आल्या, गजांवरील हिरवा पसारा आणि लोंबतें फळ पाहून बोलिल्या, "अहो, हे काय सुंदर! तिसऱ्या मजल्यावर दुधी! कसं हो जमवलंत?" आतां येथें इतकेंच बोलावयाचें होतें कीं वेल खालचे बाईंचा आहे. तें बोलणें रावांचे जिभेवर आलें आणि तेथेंच बसलें. राव बोलिले, "जरा लक्ष द्यावं लागतं." मग एकानें विचारिलें बी कोणतें, तर राव बोलिले, "जुनं आहे. घरातलंच." मग कोणी विचारिलें फळ कैसें धरलें, आणि रावांनीं नर-मादी फुलांचा सर्व विधि बोटें नाचवून सांगितला, आणि पाहुण्यांनीं फोटो काढिले. कालिंदीबाई पोह्यांचें ताट घेऊन दारांत उभ्या होत्या, त्यांनीं एकवार यजमानांकडे पाहिलें आणि मग पोह्यांकडे पाहिलें. तितक्यांत खालून हांक आली, मोकळी, मोठ्यानें, कीं, "भाऊ! पाहुणे आलेत वाटतं? माझा वेल अडचण करत असेल तर बाजूला सारा हं! न विचारता तुमच्या घरात शिरलाय मेला!" मुख्याध्यापिकाबाईंनीं मोबाइल पर्समध्यें ठेविला. दिवेकर खोकले. एक तरुण पाहुणा हंसला, तोंडास हात लावून हंसला, परंतु हंसला. मग सर्वांनीं पोहे फार चांगले जाहले म्हणून सांगितलें आणि मंडळी निघाली, आणि जिना उतरून एकच मजला खालीं गेली, आणि अनसूयाबाईंचे दारावरची घंटा वाजली ती रावांनीं वर ऐकिली.

दुपारीं कालिंदीबाई जरा पडल्या. राव बाल्कनींत गेले. हातीं छाटणीची कात्री होती. ती टोमॅटोचीं रोगट पानें काढावयास घेतली ऐसें त्यांनीं आपलें आपणास सांगितलें. मग गुडघ्यांवर बसले, गजांतून हात बाहेर काढिला, जितका खालीं पोंचेल तितका पोंचविला, आणि बोटाएवढा जाड तो वेल कात्रींत धरून दाबिला. काकडी मोडावी इतकाच आवाज जाहला. खालचे टोंकांतून पाणी ठिबकूं लागलें, तें पाहून राव भ्याले, आणि घाईनें तें टोंक दोरीवरील पानांत दडविलें, वरचें टोंक आंत ओढून गजास सुतळीनें बांधिलें, कात्री धुतली, पुसली आणि जागेवर ठेविली, आणि खोलींत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. झोंप आली नाहीं. सकाळचा राग कोठें आहे म्हणून मनांत धुंडिलें तर तो कोठेंच नव्हता. हातास हिरवा वास येत होता तो मात्र साबणानेंही जाईना.

दुसरे दिवशीं वरचीं पानें ओल्या फडक्यासारखीं लोंबलीं आणि फळ मऊ पडलें. अनसूयाबाईंनीं खालून मान वर करकरून पाहिलें, मग जिना चढून आल्या आणि पदरास हात पुसत दारांत उभ्या राहिल्या. बोलिल्या, "भाऊ, वेलाला काय झालं हो? वरचा सगळा माना टाकून बसलाय. खालची पानं अजून बरी आहेत. तुमच्या गॅलरीत येऊन जरा बघू का?" बाई बाल्कनींत येत्या तर सुतळी पाहत्या, आणि सुतळी सोडत्या तर सर्वच पाहत्या. म्हणोन राव दारांत आडवे उभे राहिले आणि बोलिले, "नको, ताई. आत येऊ नका. हा रोग आहे." बाई बोलिल्या, "रोग?" राव बोलिले, "मर रोग. मातीतून येतो, मुळातून चढतो. हाताला, पदराला लागून पसरतो." बाईंनीं हात मागें घेतले. मग हळूच विचारिलें, "पण खालचं खोड हिरवं आहे हो. वरचं काढून टाकलं तर बगलेतून फुटेल ना? आमच्याकडे गुरं शेंडा खायची, तरी फुटायचा." आणि हें खरें होतें, आणि राव तें जाणत होते. मूळ जिवंत होतें. तैसेंच राहूं देते तर नवी फूट येती, नवें फूल येतें, फळ धरतें आणि बी राहतें. एक "हो" म्हणते तर केलेलें निम्में निस्तरतें. परंतु वेल फुटता तर बाई खोड न्याहाळत्या आणि कात्रीचा काप दिसता. म्हणोन राव बोलिले, "नाही फुटणार. उपटून टाका. आणि माती पण टाका." "टोपल्यातली?" "सगळीच. शेजारच्या डब्यांतली पण. एकदा शिरला की काही ठेवत नाही." हें बोलतांना त्यांचा आवाज ऐसा गंभीर लागला कीं क्षणभर त्यांस स्वतःसही खरें वाटलें. बाईंनीं पदर सांवरून घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार," आणि खालीं गेल्या.

सोसायटीचा नियम ऐसा कीं लिफ्टमधून माती नेऊं नये, आणि चिरंजीव कामावर गेलेले. मग बाईंनीं आपणच वेल उपटिला, रोगाचे भयानें न निरखतां ओढून गोणींत कोंबिला, वाल उपटिला, मिरची काढिली, शेवंती कळ्यांसकट काढिली, अबोलीपाशीं थोड्या थांबल्या आणि तीही काढिली, आणि माती गोण्यांत भरून एकेक गोणी कमरेवर घेऊन जिना उतरल्या आणि इमारतीमागील ढिगावर नेऊन ओतूं लागल्या. राव वरून पाहत होते. घरांत जावें ऐसें वाटे, पाय हलेना. खालीं धांवून गोणी धरावी ऐसें वाटे, तरी हलेना. बाई आंगणांत दम घ्यावयास थांबल्या आणि वर पाहिलें, दोघांची दृष्टि मिळाली, तेव्हां कांहीं बोललें पाहिजे म्हणोन राव बोलिले, "सावकाश, ताई." बाईंनीं मान हालविली. सांजेस अंग धुऊन पुनः वर आल्या, आंत न येतां उंबऱ्याबाहेरूनच बोलिल्या, "भाऊ, उपकार झाले. तुम्ही वेळेवर ओळखलंत, नाहीतर माझ्यापायी तुमच्याही कुंड्या गेल्या असत्या." राव बोलिले, "असू द्या, असू द्या," आणि दार लावून कडी धरून कितीक वेळ तैसेच उभे राहिले.

पुढें जें जाहलें तें रावांनीं मनांत आणिलें नव्हतें. बाईंनीं भेटेल त्यास रावांचे ज्ञानाची वाखाणणी केली. दिवेकरांनीं सोसायटीचे ग्रुपवर लिहिलें कीं खांबेटेसाहेबांनीं मोठा रोग वेळीं रोखला, आणि त्यावर हात जोडल्याचीं चित्रें पुष्कळ आलीं. ज्याचें पान पिवळें तो रावांस बोलावूं लागला, आणि राव जात, चष्मा चढवीत, माती चोळीत, परंतु निवाडा देतांना जीभ अडखळे. आणि दुसरी गोष्ट ऐसी जाहली कीं लोक बाईंस टाळूं लागले. पहिले मजल्यावरील केतकरांचे सुनेनें बाईंकडून अबोलीचें रोप मोठ्या हौसेनें नेलें होतें, तें तिनें कुंडीसकट कचऱ्यांत टाकिलें. कोणी म्हणे गंजक्या डब्यांत दुसरें काय होणार, कोणी म्हणे गांवाकडची माती आणिली तेव्हांच मला शंका आली होती. बाई जिन्यांत भेटल्या तर मंडळी हंसून बोलत आणि दारापुढील तुळस पायानें थोडी आंत सारीत. राव हें सर्व देखत आणि ऐकत. एकदां तर केतकरांचे सुनेनेंच विचारिलें, "काका, त्यांच्या हातानंच रोग येतो का हो?" आणि राव इतकेंच बोलिले, "तसं नाही... सांगता येत नाही." घरीं येऊन त्या दिवशीं राव जेवले नाहींत, पित्त जाहलें म्हणाले.

दिवाळी जवळ आली तेव्हां कालिंदीबाई गज पुसावयास निघाल्या. वाळलेला वेल तेथें तैसाच होता; राव त्यास हात लावीत नसत आणि लावूंही देत नसत, रोगट आहे म्हणत. त्या दिवशीं राव आंत वर्तमानपत्र वाचत होते, कालिंदीबाईंनीं विळखे सोडविले, सुतळी सोडविली, आणि टोंक हातांत आलें. तें सुकलें होतें, तरी तिरपें, सपाट, साफ होतें. त्या आंत आल्या आणि तें टोंक वर्तमानपत्रावर ठेविलें. म्हणाल्या, "हा रोग?" राव चष्मा पुसूं लागले. "मी विचारतेय. हा मर रोग?" राव बोलिले, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर..." "त्या दिवसाचं मला सांगू नका. मी तिथंच होते. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण म्हटलं, माणूस आहे, बोलून गेला. आणि हे?" मग त्या समोर बसल्या. म्हणाल्या, "ते फूल मी टेकवलं होतं हो. निदान मला तरी सांगायचंत." त्या रडत्या तर रावांस सोपें जातें, त्या रडल्या नाहींत. म्हणाल्या, "मी रोज खाली तिच्याशी बोलते. आता कुठल्या तोंडानं बोलू? जा खाली." राव बोलिले, "चहा घेऊन जातो." "आत्ता जा."

राव जिना उतरले. अनसूयाबाईंनीं दार उघडलें, "या भाऊ," म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलें. बाल्कनीचें दार उघडें होतें आणि तेथें रिकामे डबे एकांत एक घालून कोपऱ्यांत रचिले होते. राव पाणी प्याले नाहींत. बोलिले, "ताई, वेल मी कापला." बाई बोलिल्या, "रोगट होता म्हणून ना? बरं केलंत की." येथें बाईंनीं आपण होऊन सुटकेची वाट उघडून दिली, आणि राव त्या वाटेनें निघणारच होते, तोंडही उघडलें; मग बोलिले, "नाही. चांगला होता. पाहुण्यांना मी तो माझा म्हणून सांगितला, तुमची हाक आली, माझी शोभा झाली. त्या रागात कापला. मग तुम्ही विचारायला आलात, तेव्हा लपवायला रोग सांगितला." बाईंनीं उठून आंतल्या कुकरखालचा गॅस बंद केला आणि परत येऊन उभ्याच राहिल्या. विचारिलें, "आणि माती?" "मातीत काही नव्हतं." "अबोलीत?" "नाही." मग बाई बोलिल्या, "कापलात ते एक वेळ मला कळतं. राग येतो माणसाला. आमच्या मालकांना यायचा, ताट भिरकावायचे. पण मी गोण्या घेऊन उतरत होते, आणि तुम्ही वर उभे होतात. सावकाश म्हणालात मला." रावांनीं मान खालीं घातली ती वर केली नाहीं. बोलिले, "मी बी आणून देतो. चांगल्यातलं चांगलं आणतो. माती मी स्वतः वाहून आणतो." बाई बोलिल्या, "दुधीचं बी दुकानात मिळतं, भाऊ. मला काय दुधीचा धंदा करायचा होता?" मग पदरानें तोंड पुसलें आणि म्हणाल्या, "एक करा. सगळ्यांना वाटतंय रोग मी घेऊन आले. माझ्यासमोर कोणी बोलत नाही, पण मला कळतं. माझी माती चांगली होती, एवढं सांगा. चारचौघांत सांगा. त्या मोबाइलवर लिहू नका." राव बोलिले, "सांगतो," आणि उठले, आणि पाण्याचा पेला तैसाच भरलेला राहिला.

मग सोसायटीची सभा खालीं गाड्यांचे जागेंत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडिल्या, पाण्याची टाकी धुण्याचा विषय निघाला, आणि राव उभे राहिले आणि बोलिले, "एक सांगायचं होतं. बाबरताईंच्या कुंड्यांना मर रोग आहे असं मी म्हटलं होतं. ते माझं निदान जरा चुकलं." लोक चांगले होते. कोणी म्हणालें, "अहो, चालायचंच, डॉक्टरांचंही चुकतं," आणि सर्व मायेनें हंसले, आणि दिवेकर बोलिले, "बसा, बसा, साहेब." राव बसले. मागील रांगेंत अनसूयाबाई होत्या. त्या रावांकडे पाहत नव्हत्या, आपले हातांकडे पाहत होत्या. आणि कालिंदीबाई यजमानांजवळ न बसतां अनसूयाबाईंपाशीं जाऊन उभ्या होत्या. राव पुनः उठले. यावेळीं खुर्ची मागें पडली तीही उचलिली नाहीं. बोलिले, "चुकलं नाही. खोटं सांगितलं मी. रोग नव्हताच. वेल मी कापला, कात्रीनं, आणि ते झाकायला ताईंना सगळी माती टाकायला लावली. पाहुण्यांना वेल माझा आहे असंही मीच सांगितलं होतं. ताईंची माती चांगली होती." हंसणारांचीं तोंडें उतरलीं. पाण्याचा पंप चालत होता तोच ऐकूं येई. मग केतकरांची सून बोलिली, "पण का, काका?" पुष्कळ कारणें रावांनीं मनांत जुळविलीं होतीं, पांढरी माशी, पाहुणे, वयाचें चिडणें. त्यांतील एकही बाहेर काढावयास लाज वाटली. बोलिले, "त्यांचा चांगला आला होता म्हणून." कोणी बसा म्हणालें नाहीं. दिवेकरांनीं कागद उलटासुलटा केला, "बरं, तर टाकी," म्हणाले, आणि टाकीचा विषय सुरू जाहला, आणि राव उभेच होते.

सभा उठली तेव्हां अनसूयाबाई त्यांचे जवळून गेल्या, "ऐकलं मी," इतकेंच म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. दुसरे दिवशीं केतकरांची सून रिकामी कुंडी घेऊन त्यांचे दारीं गेली, अबोलीचें रोप पुनः द्या म्हणाली, परंतु बाईंपाशीं द्यावयास रोप उरलें नव्हतें. मग दोघी चहा प्याल्या. पुढें चिरंजीवांनीं माती आणिली, ती लिफ्टमधूनच नेली, आणि कोणीही नियम काढिला नाहीं. राव मदतीस गेले होते, चिरंजीव नम्रपणें म्हणाले, "नको काका, झालंच आहे." बाईंनीं मेथी पेरिली, आणि बाजारांतून शेवंती आणून लाविली.

मार्गशीर्षांत थंडी पडली, माशी आपोआप गेली, आणि रावांचे टोमॅटो पुनः धरले, लाल जाहले, पुष्कळ जाहले. मागील सालीं राव ते ताटल्यांत घालून मजल्यामजल्यास वांटीत. यंदा ताटली काढिली, पुसली, आणि पुनः फळीवर ठेविली. कालिंदीबाईंनीं टोमॅटोचें सार केलें आणि दोघें समोरासमोर बसून तें जेवलीं.

एकंदर मिळून लिहावयाचें तें इतकेंच: मोरेश्वररावांचें राज्य कोणी लुटिलें नाहीं, कुंड्या होत्या तेथें आहेत, लौकिक गेला. बाईंचें बी गेलें तें गेलें. राव दुसरे मजल्यावरून उतरतांना पाऊल हलकें टाकितात. दार उघडें असलें तर बाई "काय, भाऊ," म्हणतात, राव "बरं आहे, ताई," म्हणतात, आणि तेवढ्यावर चालतें. झाडांविषयीं त्यांस आतां कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि कोणी विचारावें ऐसें त्यांसही वाटत नाहीं. लिहिणारानें पाहिलें तैसें उतरिलें, पदरचें कांहीं घातलें नाहीं, आणि येथें लेखणी पुसून ठेविली.